चालत जाता येईल असं गाव

मिरजेहून निघायच्या दिवशी आईने रिक्षा नाकारली. "स्टेशन काय लांब आहे? चालत जाऊ." ताईने आणि मी बॅगा उचलल्या. आई नर्स होती. सगळी नोकरी तिने त्याच गल्लीतून पायी जाऊन-येऊन केली होती, त्यामुळे दर उंबऱ्यावर तिला कोणीतरी थांबवत होतं. तंबोऱ्याचा भोपळा घासत बसलेले चाचा हात पुसत उठले. "सिस्टर, मुलाकडं चाललात, आता आमचं बीपी कोण बघणार?" गाडी चुकते की काय, अशी मला धास्ती. बाबा गेल्यापासून आई एकटी पडली आहे, असं मी धरून चाललो होतो. त्या वाटेवर ती एकटी मुळीच दिसली नाही.

मी सौदीतल्या ताइफला असतो. शहर उंचावर आहे, हवा जेद्द्यासारखी भाजून काढत नाही, म्हणून तर तिला आणायचा धीर झाला. मी नगररचनाकार. ती आली तेव्हा माझ्या टेबलावर नेमकं ते काम होतं, ज्यामुळे परमुलखात राहिल्याचं सार्थक झालं असं वाटावं. शहराबाहेरच्या एका नव्या वस्तीची नियमावली. वस्ती जुन्या मोहल्ल्यासारखी हवी होती: सावलीच्या अरुंद गल्ल्या, गल्लीकडे उघडणारी दारं, आणि दुकान, शाळा, मशीद, दवाखाना सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. माझ्याबरोबर सालेह नावाचा इथलाच इंजिनिअर होता. त्याची आजी जुन्या ताइफमध्ये सकाळी रोटी आणायला निघायची ती दुपारी परतायची, कारण वाटेत सगळे नातेवाईक राहत. "तेच परत करायचंय," तो म्हणायचा.

आमचा फ्लॅट उंच भिंतीआड, भिंतीबाहेर सहापदरी रस्ता. पलीकडचं बकाला, म्हणजे किराणा दुकान, खिडकीतून स्पष्ट दिसायचं. आल्यावर थोड्याच दिवसांत आई दही आणायला एकटी निघाली. रस्त्याच्या कडेने चालणारी म्हातारी बाई बघून एकामागून एक गाड्या थांबल्या. हिची काहीतरी अडचण आहे, अशी सगळ्यांची समजूत. शेवटी एका कुटुंबाने तिला गाडीत बसवलं, पाणी दिलं, खजूर दिले, तिच्या फोनवरून मला शोधलं आणि दारात आणून सोडलं.

"माणसं फार चांगली आहेत रे इथली," आई चप्पल काढता काढता म्हणाली, "पण चालू देत नाहीत."

मग मी तिला नव्या वस्तीचा नकाशा दाखवला. तिने चष्मा लावला आणि कागदावर बोट चालवलं. हे आपलं दार. इथून दवाखाना. येताना दूध. "कधी जायचं राहायला?" मी म्हणालो, "बांधून झालं की पहिले आपणच."

नियमावलीवर बैठका सुरू झाल्या. अग्निशामक गाडी वळायला हवी, म्हणून गल्ल्या रुंद झाल्या. घरटी दोन-तीन गाड्या, म्हणून दारांपुढे पार्किंग आलं. घरातल्या बायकांना आडोसा हवा, म्हणून भिंती आल्या. दुकानं हायवेकडे सरकली, कारण आत गिऱ्हाईक कुठून येणार? प्रत्येक बदलाला कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. सालेह भांडला. शेवटच्या बैठकीत आमचा बॉस फाइल मिटून म्हणाला, "खलास, मंजूर! अजून काय पाहिजे तुम्हाला?" कागदावर नाव मात्र अजून 'पायी वस्ती' असंच होतं. सालेहने पुढे रियाधला बदली मागून घेतली.

सुधारलेला नकाशा मी आईपुढे उलगडला नाही.

ती आधी घरातल्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायची. मग तेही कमी झालं. पाय सुजले, गुडघे धरले. माझी मुलगी इरा म्हणायची, "आजी, ट्रेडमिल यूज कर ना, इट्स सो ईझी." आई एकदा चढली, पट्टा हलल्याबरोबर उतरली. "यावरून जायचं कुठं?" व्हिजिट व्हिसा संपला तेव्हा विमानापर्यंत तिला व्हीलचेअरवर न्यावं लागलं.

मिरजेत तोवर आमच्या गल्लीचा रस्ता रुंद झाला होता. घरांच्या पुढच्या खोल्या त्यात गेल्या, ओटे गेले, चाचांनी राहिलेलं घर विकलं. आई आता सांगलीत ताईकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. ताई म्हणते, लिफ्ट आहे, पण खाली नेऊन बसवायचं कुठं? हल्ली ती पलंगावरून फारशी उठत नाही. डॉक्टर म्हणाले, पाय चालायचं विसरले.

नवी वस्ती बांधून झाली. मागच्या महिन्यात बायकोला आणि इराला घेऊन बघायला गेलो. एकसारख्या भिंती, एकसारखी गेटं. फुटपाथ केलेत, त्यांवर गाड्या उभ्या. ऐन संध्याकाळी रस्त्यावर झाडांना पाणी घालणारा एक बांगलादेशी माळी तेवढा होता. इरा खिडकीची काच खाली न करताच म्हणाली, "बाबा, डिड यू मेक धिस?" मी म्हणालो, "यल्ला, घरी जाऊ." आता माझ्याकडे अशाच दुसऱ्या वस्तीचं काम आलं आहे. रस्त्यांच्या रुंदी आधीच ठरलेल्या आहेत.

शुक्रवारी आईला फोन करतो.

"झालं का रे तुझं ते गाव?"

"झालं."

"चालतात लोक?"

"चालतात की. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते."

"मग बरं." ती जरा दम घेते. मग विचारत राहते, दूध कुठून आणतोस, इरा मैत्रिणींकडे एकटी जाते ना, शेजारी कोण आहे. मी त्या पहिल्या नकाशातून एकेक उत्तर देत जातो. ती हसते.

माझ्यासारखे निघून आलेले आणि तिकडे मागे राहिलेले, तुम्ही कोणी मला विचारलंत, तुझं घर कुठं, तर फोनवरच्या त्या गावाशिवाय मला दुसरा पत्ता ठाऊक नाही. आम्ही दोघं बोलतो तेवढा वेळ ते असतं. आणि आई हल्ली लवकर दमते.