कारण न सांगता रजा

ऑफिसातले किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर पडतात. आमचं ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेतलं वजनकाट्यांचं दुकान. विक्री आणि दुरुस्ती. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीचं टेबल आणि मधे मी. हिशेब, फोन आणि भांडणं ही माझी तीन खाती. गेल्या वर्षी आमच्याकडे पगारी रजेची योजना सुरू झाली आणि तेव्हापासून माझं हे कपाट काही बंद होत नाही.

आधी रजा कशी मिळायची ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांचा सगळा जन्म काट्यांत गेला, त्यामुळे कारणसुद्धा ते तोलून घ्यायचे. टेबलासमोर उभं राहून कारण सांगायचं. पटलं तर रजा पगारी. नाही पटलं तर बिनपगारी, वर बोलणी फुकट.

आमचे मोहिते मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर जाऊन काटे दुरुस्त करतात. त्यांनी एकदा साखरपुड्यासाठी रजा मागितली.

"कोणाचा साखरपुडा?"

"चुलत मेव्हण्याचा."

"तो तुमच्या साखरपुड्याला आला होता का?"

मोहिते विचारात पडले. भाऊ म्हणाले, "आठवा. आठवलं की या."

मोहित्यांना अजून आठवलेलं नाही.

माझंही एकदा असंच झालं. माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या सुट्ट्या कधी जुळत नाहीत. जुळल्याच तर कुणाच्या तरी बाराव्याला. मला एकदा त्याच्याबरोबर चार-सहा दिवस कोकणात समुद्रासमोर नुसतं बसायचं होतं. लग्न नाही, आजारपण नाही, देवदर्शन नाही. तसंच खरं सांगितलं.

"समुद्रावर काय आहे?" भाऊंनी विचारलं.

"पाणी."

"मग खडकवासल्याला काय आहे?"

मी हिशेबाची वही उघडली.

"रविवारी जाऊन या," भाऊ म्हणाले. "रजासुद्धा लागणार नाही."

त्यांनी ते विनोदाने म्हटलं हे मला कळत होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. रविवारी गेलेच नाही. रागाने भांडी घासली.

*

ही परिस्थिती बदलली ती भाऊंच्या सुनेमुळे. गौरी हिंजवडीच्या कंपनीत एचआरला आहे. एका शनिवारी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली आणि आम्हा सगळ्यांना उभं करून तिने प्रेझेंटेशन दिलं. टेबलावर जागा नव्हती म्हणून लॅपटॉप एका चालू काट्यावर ठेवला होता.

"प्रत्येकाला वर्षाला ठरावीक पगारी रजा," गौरी म्हणाली. "मुख्य नियम एकच. कारण सांगायचं नाही आणि विचारायचं नाही."

"मग खरं बोलतायत की खोटं, ते कळणार कसं?" भाऊ.

"बोलणारच नाहीत, बाबा."

भाऊंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग खाली काट्याच्या आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन किलोसुद्धा भरत नाही तुझी योजना."

पण सुनेला नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी अट घातली. योजना दिवाळीपर्यंत प्रयोग म्हणून चालेल. दुकानातला एक जरी माणूस तोपर्यंत रजेशिवाय राहिला, तर लोकांना तिची गरज नाही असं समजायचं आणि योजना रद्द. गौरीने लगेच मान्य केलं. फुकटची रजा कोण सोडणार? मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तुला दिवाळीनंतरच सुट्टी मिळते ना, मग दिवाळी झाली की समुद्र.

*

पहिली रजा कांबळ्यांनी घेतली. कांबळे आमचे दुरुस्तीचे मुख्य. मूळचे नागपूरचे, शांत माणूस. सवयीने टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"भाऊ, उद्या येणार नाही."

"बरं."

कांबळे हलले नाहीत. भाऊ पेनाचं टोपण काढून लावत बसले.

"अजून काही?" भाऊ.

"काही नाही. कारण सांगितल्याशिवाय पाय निघत नाही."

"सांगायचं नाही."

"हो, माहीत आहे."

दोघांचेही हाल मला बघवेनात. शेवटी भाऊ माझ्याकडे वळले. "निकमबाई, घरी सगळे बरे आहेत ना, एवढं विचारलं तर नियमात बसतं का?"

म्हटलं, माणुसकी म्हणून बसत असेल.

"सगळे बरे आहेत," कांबळे घाईघाईने म्हणाले.

"मग रजा कशाला?"

*

रेवतीला असला काही त्रास नव्हता. ती काउंटरला असते, वय बावीस. तिने सोमवारी सकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, 'हाय ऑल, आज मी ऑफ आहे.' बस्स. भाऊंनी तो मेसेज मला चार वेळा वाचून दाखवला. त्यांच्या मते ही रजा नव्हती, ही बातमी होती.

दुपारी तिने स्टेटस टाकलं. खडकवासल्याच्या काठावर कणीस खातानाचा फोटो. भाऊ फोन नाकाशी धरून बघत राहिले.

"भाऊ, विचारायचं नाही," मी आठवण केली.

"विचारत नाहीये. बघतोय. बघायला बंदी आहे का?"

दोन मिनिटांनी त्यांना राहवलं नाही. त्यांनी फोटोखाली लिहिलं, 'कणीस कसं दिलं?'

रेवतीचं उत्तर आलं, 'भाऊ, मी ऑफ आहे. भावाचं उद्या बोलू.'

*

मोहित्यांची रजा मात्र वाया गेली. रजा घेऊन घरी राहिले तर बायकोने माळ्यावर चढवलं. दहा वाजेपर्यंत माळा साफ करून ते निसटले. आता जायचं कुठे? पायांना एकच रस्ता माहीत, मार्केट यार्ड. तिथे एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले.

व्यापारी खूश झाला. "बरं झालं आलात. काटा सकाळपासून नाचतोय. बघा जरा."

"आज मी रजेवर हाय," मोहिते म्हणाले आणि पायावर पाय टाकला.

"असं होय." व्यापाऱ्याने अजिबात वाद घातला नाही. "मग उठा. ती खुर्ची काटेवाल्याची आहे."

मोहिते पोत्यावर बसून चहा प्यायले. चहाचे पैसे त्याने घेतले.

*

दसऱ्यानंतर गौरीने फोनवरून आढावा घेतला. कांबळे झाले, रेवती झाली, मोहिते झाले. मी आईला डॉक्टरकडे नेण्यासाठी एक दिवस घेतला होता, म्हणजे मीही झाले. मी आनंदाने म्हटलं, "सगळे झाले. योजना पक्की."

"एक माणूस राहिलाय," भाऊ म्हणाले.

"कोण?"

"मी. मी दुकानातला माणूस नाही का?"

अट घालतानाच हे त्यांच्या मनात होतं की नंतर सुचलं, कोण जाणे. पण चेहरा असा होता, की बुद्धिबळात समोरच्याचा राजा आता पडतोच आहे. एवढ्या वर्षांत हा माणूस कधी आजारीसुद्धा पडला नव्हता. आता दिवाळीपर्यंत नुसतं दुकानात येत राहायचं, की योजना आपोआप रद्द. म्हणजे परत टेबलासमोर उभं राहणं. म्हणजे परत खडकवासला.

गौरीने समजावून पाहिलं. उपयोग नाही. मी काकूंना, म्हणजे भाऊंच्या पत्नींना फोन केला. म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना रजा घ्यायला.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "घरी राहिले की फोडणी कशी द्यायची ते सांगतात. तुमची योजना तुम्ही सांभाळा."

शेवटी काम केलं ते कांबळ्यांनी. हातातला स्क्रू घट्ट करता करता, वर न बघता ते म्हणाले, "जाऊ द्या ना निकमबाई. भाऊंना नाही जमायचं. सगळ्यांनाच जमते असं थोडी असते."

"काय जमायचं नाही?" भाऊ.

"रजा घेणं."

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

कांबळ्यांनी पुढचा स्क्रू हातात घेतला. पुण्यात माणसाला चिडवायला याहून जास्त काही लागत नाही. भाऊंनी पाच मिनिटं कागद इकडचे तिकडे केले आणि जाहीर केलं, "उद्या मी रजेवर."

गौरीने संध्याकाळी नियम कळवला. दुकान बंद होईपर्यंत भाऊंनी काउंटरच्या आत पाऊल टाकलं, तर रजा मोडली.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाऊ आले.

इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे राहिले. पिशवीतून घरचा स्वयंपाकघरातला काटा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हा बिघडलाय," ते म्हणाले.

कांबळ्यांनी काटा बघितला. "सेल काढून ठेवलाय कोणीतरी."

"असेल. बघा."

"ठेवून जा. परवा या."

"परवा? एका सेलला?"

"दिवाळीची गर्दी आहे. नंबरानं होईल."

भाऊ तिथेच बाकावर बसले. तेवढ्यात एक जुने मिठाईवाले मोठा काटा घेऊन आले आणि भाऊंना पाहून म्हणाले, "भाऊ, तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाला नाही कळायचं." भाऊ ताडकन उठले. काउंटरची फळी उचलली. एक पाऊल उचललं. माझा सगळा समुद्र त्या एका चपलेखाली होता.

"अहो, फळी खाली ठेवा," कांबळे म्हणाले. "गिऱ्हाइकांना आत यायला मनाई आहे."

भाऊंचं पाऊल तसंच राहिलं. मिठाईवाले एकदा भाऊंकडे, एकदा कांबळ्यांकडे बघत होते. रेवतीने फोनमध्ये डोकं घातलं. मग भाऊंनी पाऊल मागे घेतलं, फळी हळूच खाली ठेवली आणि शर्ट नीट केला.

"ही काय बोलायची पद्धत झाली? मालकांना बोलवा."

"मालक रजेवर आहेत."

"दिवाळीच्या तोंडावर? असं काय कारण आहे?"

"त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही."

भाऊंनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि पायरी उतरता उतरता मला म्हणाले, "नशीबवान आहे हो तुमचा मालक. मी असतो तर दिली नसती."