कडवं संपेपर्यंत

लोकांच्या घरी स्पीकर बसवणारा हा फिटर जन्माचा काळजीखोर. स्क्रू घट्ट बसला तरी पुन्हा एकदा पिळून बघणार. त्यात आई मोरीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. आई खाली खाटेवर, बायको माडीवर शिलाई मशीनशी. आणि गाणी लावल्याशिवाय बाईसाहेबांचा पाय चालत नाही. हाक ऐकू जाणार कशी?

मग त्यानं धंद्यातलीच युक्ती घरी आणली. अ‍ॅम्प्लिफायरला मागे ट्रिगरची तार जोडायची सोय असते. त्या तारेतून इशारा मिळाला की यंत्र ठरवून दिलेलं काम आपोआप करतं. त्यानं आईच्या उशाशी बटण बसवलं आणि तिथून तार वर नेली. बटण दाबलं की गाणं बंद, आणि गाणं थांबलं की सुनेनं खाली धावायचं.

रोज कामावर निघताना तो बटण दाबून बघे.

"अरे, झिजवशील ते," आई म्हणे.

एका दुपारी तो अवचित लवकर घरी आला. वर गाणं जोरात चाललेलं. खाली आई खाटेच्या कडेला अर्धी लोंबकळत होती, एका हातानं कठडा घट्ट धरलेला, अंगाला घाम सुटलेला. दुसरा हात बटणापाशीच होता. तिला नीट निजवून त्यानं बटण दाबलं. गाणं तत्क्षणी बंद झालं. वायरिंगमध्ये काहीच दोष नव्हता.

"आई, दाबलं का नाहीस?"

"कडवं चाललं होतं रे. तिचं आवडतं गाणं. मध्येच कसं तोडायचं? संपलं की दाबणारच होते."

तो आधी चिडला, मग त्याला रडूच आलं. त्याच संध्याकाळी त्यानं सगळं उलटं करून टाकलं. आता बटण दाबलं की बायकोचं ते आवडतं गाणं सुरू होणार. एरवी बायको गाण्यावाचून शिवते, कुरकुर न करता.

आई मात्र आता ऊठसूट बटण दाबते. गाणं लागतं, बायको कात्री टाकून धडधडत जिना उतरते, सुट्टीच्या दिवशी तो तिच्या पुढे असतो. आई मजेत पडलेली असते.

"काही नाही रे. घर फार गप्प होतं. म्हटलं, तिला तेवढंच गाणं."

त्याच्या ओठांवर रागाचे शब्द येतात, पण बायको त्याला बाहेर ओढते.

"अहो, रागावू नका. रागावलात तर त्या पुन्हा दाबायच्याच नाहीत."

म्हणून तो गप्प बसतो. गाणं लागलं की काळजात धस्स होतं आणि दोघं धावत सुटतात, दर वेळी.