पदर खोचून खो-खो

परवा लेकीला खारघरच्या मैदानावर सोडलं, तेव्हा कोणीतरी फक्कीने रेषा आखत होतं. चुन्याचा तो वास आला आणि मी थेट पनवेलच्या आमच्या बिल्डिंगखाली पोचले.

मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खो-खो संघाची निवड होती आणि सरावाला कोणीच नव्हतं. ऑफिसातून आलेली आई चहासुद्धा न घेता शेजारच्या चार काकूंना घेऊन खाली उतरली. पाचही जणी पदर खोचून रांगेत बसल्या. मी धावत येऊन आईच्या पाठीवर थाप मारली, "खो!" आई उठली आणि मधली रेषा ओलांडून भलतीकडेच सुसाट सुटली.

"आई, फाऊल!" गॅलरीतून लोक बघत होते, मला लाज वाटली.

"मग परत दे. आणि नियम नीट सांग," ती धापा टाकत म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत आम्ही नुसत्या धावत होतो, हसत होतो. सगळ्यांदेखत तसं धावायला काय लागतं, ते आज आई झाल्यावर कळतंय.

माझी निवड झाली नाही. संध्याकाळी तोंड पाडून घरी आले, तर बिल्डिंगखाली पाचही जणी रांगेत बसलेल्या.

"दप्तर ठेव आणि ये लवकर," आई म्हणाली.