वहिनीने पाडलेला पूल

"पूल मी पाडला," असं माझी वहिनी सत्तर वर्षं सांगत आली.

आज सकाळी ती गेली.

टीव्हीवर कुठेही पूल पडल्याची बातमी आली की वहिनी हातातलं काम टाकून यायची आणि एकच विचारायची, "खांबाखालचे दगड होते का जागेवर?"

नातवंडं हसायची. मी कधी हसले नाही.

मी तिची एकुलती एक नणंद. वय एक्याऐंशी. एका बोटाने टाइप करतेय. चुका दिसल्या तर मनातल्या मनात सुधारून घ्या, कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.

आमचं गाव बदलापूरहून तासभर चालत, नदीच्या अल्याड. वहिनीचं माहेर पल्याड, अगदी समोर. तिच्या आईने चूल पेटवली की धूर आमच्या ओटीवरून दिसायचा.

दिसून काय उपयोग? पाणी चढलं की दसऱ्यापर्यंत माहेर बंद.

लग्न होऊन आली तेव्हा ती सोळा वर्षांची, मी नऊ. तरी मला "वन्सं" म्हणायची, अहो-जाहो करायची. आणि धुराकडे बघता बघता भाकरी करपवायची. आई बडबडायची, मला मात्र वाईट वाटायचं.

मग पूल झाला. दगडी खांब, वर लोखंड आणि फळ्या. त्या पहिल्या पावसाळ्यात वहिनीची आई इरलं पांघरून, टोपलीत रानातली शेवळाची भाजी घेऊन भर पावसात आमच्या दारात उभी राहिली.

वहिनी इतकी रडली की बाईला वाटलं, पोरीला सासुरवास आहे. आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता साबणाचं सांगते. हसू नका, साबणाशिवाय हा पूल पडत नाही.

माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेटच्या साबणाच्या कारखान्यात कामाला होता. वड्या कापताना उरलेले तुकडे शेट त्याला द्यायचा. तोवर आमच्याकडे राखेने आणि रिठ्याने धुणं चालायचं. साबण आला आणि गावातल्या बायकांची चैन झाली.

पण साबण वाळूत ठेवला की खडे चिकटतात. साबण ठेवून वर कपडा घासायला चपटा, गुळगुळीत दगड हवा.

तसे दगड होते कुठे? पुलाच्या खांबांच्या पायाशी. एकसारखे रचून ठेवलेले, जणू आमच्यासाठीच.

ते दगड हलवायचे नाहीत, त्यांनीच खालची वाळू धरून ठेवलीय, असं पूल बांधून घेणाऱ्या सरकारी ओव्हरसियरने चावडीवर बजावून सांगितलं होतं. सांगितलं पुरुषांना. नदीवर धुवायला जायच्या बायका. घरी येऊन एकाही बाप्याने तोंड उघडलं नाही.

पहिला दगड आमच्या घरासाठी निघाला. पहार लावून लोटत लोटत काठावर आणला. मग शेजारणीने एक नेला, तिच्या जावेने एक. उन्हाळा संपेपर्यंत मधल्या खांबाचा पाय उघडा पडला.

त्या पावसाळ्यात भर दुपारी मधला खांब कलला आणि पूल पाण्यात बसला. पुलावर कुणी नव्हतं, एवढं नशीब.

वळसा घालून जायचं तर वाटेत दोन ओढे, तेही तुडुंब.

मग रोज सकाळी वहिनीची आई पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची. वहिनी अलीकडे. पाण्याच्या आवाजात शब्द पोचायचा नाही. नुसतं बघायचं. ती हात करायची, ही हात करायची, आणि दोघी आपापल्या घरी.

एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चुलीचा धूरही नाही.

वहिनी दहा-बारा दिवस काठावर जात राहिली. शेवटी तिचा भाऊ आला. मुंडण केलेलं डोकं नदीपलीकडूनही दिसतं हो.

वहिनी तिथेच चिखलात बसली. मी शेजारी होते. तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

पाणी उतरल्यावर ओव्हरसियर आला. खाली उतरून खांबाचा पाय बघितला आणि सगळ्या गावासमोर विचारलं, इथले दगड पहिल्यांदा कुणी काढले?

बायकांनी पदर आणखी पुढे ओढले.

"मी," वहिनी म्हणाली.

गावाने तिला काय नाही ते ऐकवलं. आमच्या आईने संक्रांतीपर्यंत तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीशी, तीन महिने.

माझा मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, पाया खडकापर्यंत नेलाच नव्हता, तो पूल आज ना उद्या पडणारच होता. मी धावत जाऊन वहिनीला सांगितलं. "असेल," म्हणाली आणि लसूण सोलत बसली.

आता जे कुणालाच सांगितलं नाही, ते लिहिते.

पहिला दगड मी काढला होता. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी. वहिनी त्या दिवशी पुलावरून माहेरी गेली होती. आल्यावर मी तिला तो कौतुकाने दाखवला, तुझ्यासाठी आणला म्हणून.

ओव्हरसियरने विचारलं तेव्हा मी तिच्या पदराआड उभी होते.

गेल्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून एकदाचं विचारलं, "वहिनी, माझं नाव का नाही घेतलंस तेव्हा?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"माझी आई तर गेलीच होती, वन्सं," ती म्हणाली. "तुमची तरी तुमच्याशी बोलती राहू दे म्हटलं."

वहिनी, पूल तू पाडला नाहीस. उशीर झाला, पण आज सगळ्यांसमोर सांगतेय.

नीट जा गं.

तुझी नणंद