घरीच काढलेला पोचा

हिंगणघाटहून अल्लीपूरला परत येताना, दिवेलागणीच्या वेळी, माझ्या गाडीला काहीतरी धडकलं. मोबाईल आले नव्हते तेव्हाची गोष्ट. दुकानाचा माल आणायला जुनी चारचाकी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कपाशीतून काहीतरी करडं रस्त्यावर आलं, दण्णकन आवाज झाला आणि मी थांबलो नाही. भेकडपणाच तो, दुसरं काय म्हणणार? घरी बायकोला सांगितलं, "रोही होता." शेतं तुडवत हिंडणारे रोही, म्हणजे नीलगायी, आमच्याकडं कमी आहेत का?

बोनेटच्या कडेला परातीएवढा पोचा पडला होता. रक्त नाही, केस नाही. रोही होता की माणूस, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. चार दिवस पेपर चाळले, काही नव्हतं. पण आमच्या भागातलं सगळंच कुठं पेपरात येतं?

"जामच्या डेंटरकडे न्या न," मला हातोडी काढताना पाहून बायको म्हणाली. "घरी काऊन ठोकून राह्यले?"

पत्राच तर आहे, त्याला कारागीर कशाला, असं मी ऐटीत म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. जाम गावचा तो म्हातारा डेंटर आधी पोच्यावरून तळहात फिरवायचा आणि गाडी कशावर आदळली ते सांगायचा. बैल, झाड, सायकल, काहीही. मला त्याच्या हाताची धास्ती होती.

दुपारी अंगणात बसून मी आतून हातोडी चालवली. पोचा वर आला. ऊन उतरलं आणि ठक्क झालं. पत्रा पुन्हा आत, जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी परत वर काढला, दिवेलागणीला परत ठक्क. जास्त ठोकलं की पत्रा ताणतो आणि गार झाला की आत बसतो, हे मागाहून कळलं. तेव्हा मात्र अंगावर काटा यायचा. आठवडाभर त्या वेळेला मी घरात थांबलोच नाही.

शेवटी गेलो जामला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून बराच वेळ हात फिरवला.

"भाऊ, घरी काऊन ठोकलं? सारे तुमच्या हातोडीचेच घाव हायेत. पयले आणली असती त सांगतलं असतं. आता नाई समजत."

दोन दिवसांत त्यानं बोनेट नव्यासारखं करून दिलं.

"काय म्हणे डेंटर?" बायकोनं दारातच विचारलं.

"रोहीच होता म्हणे."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे इतके दिवस तिलाही तीच शंका होती.