एक ओळ पुढचे अप्पाराव

अप्पाराव खिल्लारे यांना रंगमंचावर कुणी कधी पाहिलं नाही. आमच्या नाटकमंडळीत ते एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. दिवसा शाळेत शिपाई, आणि प्रयोग असला की विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता. मी नायिका म्हणून घेतलेल्या टाळ्यांपैकी निम्म्या खरं तर त्यांच्या. देवगाव रंगारीला भर तिसऱ्या अंकात माझी पाटी कोरी झाली, तेव्हा विंगेतून एकच शब्द आला, "उंबरठा…", आणि पुढचं सबंध पान माझ्या तोंडून वाहत सुटलं. पूर्ण वाक्य ते कधी द्यायचे नाहीत. "पहिला शब्द दिला की माणूस आपलं आपण चालतंय," म्हणायचे.

त्यांचे नियम दोन. प्रॉम्प्टरनं नटाच्या एक ओळ पुढे असायचं, आणि विंगेत खोकायचं नाही. गालात कायम लवंग. बिडीला उभ्या जन्मात हात लावला नाही.

म्हणून त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा आमचा विश्वास बसेना. डॉक्टर म्हणाले, न ओढणाऱ्यांनाही होतो. खोकला वर्षभर तरी असणार, तो यांनी लवंगेखाली दाबून ठेवलेला. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली, त्यात एक ठरावीक बदल सापडला आणि सलाइनमधून द्यायच्या केमोऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली. दोन वर्षं ती छान लागू पडली. मग गाठ पुन्हा वाढू लागली.

तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल सांगितलं. गुण येईलच असं नाही, त्रास होऊ शकतो, नको वाटलं तर कधीही बाहेर पडा; सगळं मराठीत छापून दिलेलं. अप्पारावांनी ती सतरा पानं मोठ्यानं वाचली, छपाईच्या दोन चुका दाखवल्या आणि सही केली. सोबत एक वही मिळाली. खोकला, दम, ताप, जुलाब, जे होईल ते रोज संध्याकाळी त्यात लिहायचं.

दोन महिन्यांनी त्यांच्या गीताबाईंचा फोन आला. "ताई, उद्या दवाखान्यात तुमी संगं या. ह्यांचं मला काय खरं दिसत नाय. माझं ऐकत नायत, तुमचं तरी ऐकतेल."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. अप्पाराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, ताठ. मी सहज वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. खोकला नाही. दम नाही. ठीक. ठीक. ठीक. पान उलटलं आणि थबकले. त्या दिवशी मंगळवार, बारा तारीख. वही एकोणीस तारखेपर्यंत भरलेली.

"अप्पाराव, हा पुढचा मंगळवार तुम्ही कधी जगलात?"

"एक ओळ पुढं राहायची सवय, ताई," ते कुजबुजले.

मला हसू फुटलं. गीताबाईंना नाही.

"लई शाने! काल जिना चढताना तीन डाव बसले, ते कोणत्या ओळीत हाय? मोरीत नळ सोडून खोकतेत ताई, मला ऐकू जाऊ नये म्हणून."

"हळू बोल गं. आतल्यांनी ऐकलं तर काढून टाकतेल मला." अप्पारावांनी दाराकडे पाहिलं. "ह्या गोळीनं गाठ कमी झालीय ताई, फोटोत दिसलं. दम लागतोय म्हणलं की गोळी बंद. मग माझ्याकडं दुसरं काय हाय?"

माझं हसू तिथंच विरलं. जगायला मिळावं म्हणून हा माणूस खोटं लिहीत होता.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. चाचणीचं काम पाहणारी स्वराली नावाची मुलगी टेबलापलीकडे बसली होती. "काय म्हणता काका? दम वगैरे?"

अप्पाराव नुसते हसले. गीताबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सांगू शकले असते. पण दुसऱ्याचं वाक्य आपण बोलायचं नाही, हे मला रंगमंचानं शिकवलंय. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. वाकून कानाशी म्हटलं, "जिना…"

एकतीस वर्षांत त्यांना कुणी प्रॉम्प्ट केलं नव्हतं. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समोर.

"जिना… जिना चढवत नाय, मॅडम. आठ दिवस झाले." आणि सगळं आलं. नळ, तीन डाव बसणं, पुढचा मंगळवारसुद्धा. शेवटी खोकला आला, आणि तो त्यांनी अडवला नाही. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

स्वराली रागावली नाही. तिनं डॉक्टरांना बोलावलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, लगेच सीटी स्कॅन झाला. औषधानंच फुप्फुसाला सूज आली होती. गोळी थांबवून स्टेरॉइड सुरू केलं. "आणखी आठ दिवस लपवलं असतं तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी मी बाहेर?"

"खरं सांगितलं म्हणून कुणाला काढत नाहीत, काका," डॉक्टरांनी समजावलं. "तुमच्या तपासण्या चालूच राहतील. सूज उतरली की गोळी परत देता येते का, ते बघू. शब्द देत नाही. नाही जमलं, तर सलाइनचं औषध आहे."

स्वरालीनं वही पुढे केली. "खोट्या नोंदींवर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. या गोळीनं काय होतं, ते तुमच्यानंतर घेणाऱ्यांना यातूनच कळणार आहे."

"संहितेतले संवाद आमी असेच कापायचो," म्हणत अप्पारावांनी पट्टी मागून घेतली.

काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे भावसिंगपुऱ्यात गेले होते. सूज उतरतेय. गोळी परत मिळणार की नाही, ते सोमवारी कळेल. पेन आता गीताबाईंच्या ताब्यात असतं, दिवसातून एकदाच मिळतं.

"सोमवारचं काय लिहिलंत?" मी विचारलं.

त्यांनी कोरं पान दाखवलं. मग त्याच दिवसाच्या तारखेखाली लिहिलं : जिना चढलो. एकदा बसलो. खोकला आहे.

"दोनदा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

अप्पारावांनी 'एकदा'वर एक सरळ रेघ मारली, वर 'दोनदा' लिहिलं आणि शेजारी सही केली.