रंग मावशी सांगतील

"किस्से आठवून सांगा" असं कुणी म्हटलं की मला हसूच येतं. आठवायचे कशाला? लोणावळ्यात दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढा, किस्से आपणहून अंगावर येतात. खाली चिक्कीचं दुकान, वर आमचा दवाखाना. ते मोडणार, आम्ही जोडणार. शेजार असावा तर असा!

आमचे डॉक्टर वेड्यावाकड्या दातांना तारा लावतात. तारांवर इवले इवले रबर असतात, दर महिन्याला नवे, हव्या त्या रंगाचे. डॉक्टरांना रंगातलं ओ की ठो कळत नाही. पेशंट खुर्चीत बसला की म्हणतात, "रंग मावशी सांगतील." मावशी म्हणजे मी, त्यांच्या हाताखालची. आणि रंग चुकला की महिनाभर शिव्या कुणाला? मावशीला!

*

कॉलेजातलं एक पोरगं आलं. "मावशी, पांढरे लावा, दिसायलाच नकोत." म्हटलं, बाळा, आपल्याकडं हळदीशिवाय पान हलत नाही, पांढरे नको. ऐकेल तर शपथ! चौथ्या दिवशी भांडायला हजर. "मी पांढरे सांगितले होते, तुम्ही पिवळे लावले!"

"मी नाही रे, तुझ्या आईच्या आमटीनं लावले!"

*

खंडाळ्याच्या एका हॉटेलातला वेटर. युनिफॉर्म हिरवा, म्हणून रबरही हिरवेच हवेत. मी म्हटलं, लांबून पालक अडकल्यासारखा दिसेल. "मॅचिंग पायजे मावशी!" घे बाबा मॅचिंग.

दुसऱ्या दिवशी त्यानं हसून "अजून काही?" विचारलं, तर गिऱ्हाइकानं टूथपिकचा डबा पुढं केला. जेवणाची वेळ संपेपर्यंत चौघांनी केला. पाचव्या टेबलावर एक आजी होत्या. त्यांनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "वाक बाळा, पुसते."

*

इंदुरीचे एक आबा नातीला घेऊन आले. बैलगाडा शर्यतीचे भलते शौकीन. नातीला जांभळा रंग हवा होता. आबा म्हणाले, "न्हाई न्हाई, गुलाबी लावा. आमच्या बैलाची झूल गुलाबी हाय. शर्यतीच्या घाटात लांबनं वळखू आलं पायजे, आमच्या घरची पोरगी हाय म्हणून."

नात तोंडात नळी असतानाच ओरडली, "आबा, मला काय गाड्याला जुंपायचंय?"

*

एक भाऊ निवडणुकीला उभे राहणार होते. पोस्टरवर हसायचं म्हणून रबर पक्षाच्या रंगाचे. पंधरा दिवसांत घाईघाईनं परत आले. डॉक्टर म्हणाले, "अहो, महिना कुठं झालाय?"

"डॉक्टर, उद्या अर्ज भरायचाय. पक्ष बदललाय!"

मी म्हटलं, "भाऊ, राखाडी घ्या. कुठंही गेलात तरी चालतो." भाऊंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "दोन महिन्यांचा देऊन ठिवा."

*

अश्विनीचा किस्सा मात्र मी अजून घरीही सांगितलेला नाही.

ती कामशेतकडची. तळेगावच्या कंपनीत नुकतीच लागली होती आणि त्या नोकरीवर तिचा जीव. घरचे दर रविवारी पाहुणे आणून बसवायचे. लग्न झालं की नोकरी सुटणार, ही तिची धास्ती. घरात नाही म्हणायची सोय नाही, म्हणजे नकार समोरून यायला हवा. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, सगळ्यात घाण दिसेल असा रंग लावा. रविवारी पाहुणे येणारेत."

बारा वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं! माझ्या अब्रूचा प्रश्न होता, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, पिवळेधमक लाव. आठ दिवस दात घासले नाहीत असं दिसतं. डोकं ठिकाणावर असलेला माणूस तो रंग मागून घेत नाही. डॉक्टर दचकले. "मावशी, बरं वाटत नाही का?" "लावा हो गुमान!" मी म्हटलं. जाताना तिला बजावलं, "त्यांच्यासमोर तोंड भरून हस."

रविवारभर मी देव पाण्यात घालून बसले. सोमवारी दवाखाना उघडायला आले, तर ही जिन्यात बसलेली.

"काय गं? आला नकार?"

"मी चहा घेऊन बाहेर गेले. ठरल्याप्रमाणं हसले."

"मग?"

"मुलगाही हसला."

"हसू दे की मेल्याला!"

"मावशी, त्याच्याही दातांना तारा. आणि रबर पिवळेधमक!"

मी तिथंच पायरीवर बसले. "अगं बाई! मग पुढं?"

"पुढं काही नाही. माझ्या शिफ्टच्या वेळा विचारून घेतल्या त्यानं." ती पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, दात पांढरेशुभ्र दिसतील असा रंग कुठला?"